काळा पडदा आणि घरातला दुभाष्या

जून २०१२. फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात लिनस टॉरवाल्ड्स बोलत होते. श्रोत्यांमधून प्रश्न आला : एनव्हिडियाची ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर लिनक्स नीट का चालत नाही? टॉरवाल्ड्सनी उत्तर दिलं, की आमचा ज्या कंपन्यांशी संबंध आला त्यांत ही सगळ्यात वाईट. मग कॅमेऱ्याकडे वळून त्यांनी मधलं बोट दाखवलं आणि एक सणसणीत शिवी हासडली. तो व्हिडिओ जगभर फिरला.

लोकांच्या लक्षात बोट राहिलं, भांडण राहिलं नाही. ते तेव्हाच दहा-बारा वर्षांचं जुनं होतं आणि आज ते तुमच्या खिशातल्या फोनपर्यंत येऊन पोचलंय. त्याचा मुद्दा साधा आहे. पैसे मोजून घेतलेली वस्तू किती वर्षं चालणार, हे कोण ठरवणार?

आधी घरातली माणसं ओळखून घेऊ. कर्नल म्हणजे संगणकाचा कारभारी. कुठल्या प्रोग्रॅमला किती मेमरी द्यायची, प्रोसेसर कोणी किती वेळ वापरायचा, हे सगळं तो बघतो. पण ग्राफिक्स कार्डाची भाषा त्याला येत नाही. त्यासाठी दुभाष्या लागतो. तोच ड्रायव्हर. कारभारी आणि दुभाष्या एकमेकांशी ज्या बोलीत बोलतात, ती बदलली की गोंधळ होतो. आणि लिनक्समध्ये ही बोली सारखी बदलत असते. साधारण नऊ-दहा आठवड्यांनी कर्नलची नवी आवृत्ती येते.

१९९१मध्ये हेलसिंकीत शिकणाऱ्या टॉरवाल्ड्सनी लिनक्स सुरू केलं. पुढे या प्रकल्पाचे दोन नियम घट्ट झाले. पहिला बाहेरच्यांसाठी : कर्नलवर चालणारा जुना प्रोग्रॅम नव्या आवृत्तीत मोडता कामा नये. यावर टॉरवाल्ड्स कुणाचंही ऐकून घेत नाहीत. दुसरा आतल्यांसाठी, आणि तो बरोबर उलटा : कर्नलच्या आतली बोली कधीही बदलेल, तिची हमी नाही. ग्रेग क्रोआ-हार्टमन या कर्नलच्या ज्येष्ठ राखणदारांनी त्यावर एक टिपणच लिहिलं. ते आजही कर्नलच्या कागदपत्रांत आहे. त्यांचा युक्तिवाद असा, की चुका सापडतात, नवं सुचतं, मग आतली रचना बदलावीच लागते. यूएसबीची रचना किमान तीनदा बदलली. जुनी बोली कायम ठेवायची, तर जुन्या चुकाही कायम ठेवाव्या लागतील. मग ड्रायव्हरवाल्यांनी काय करायचं? तुमचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आणून ठेवा. मग जो कोणी बोली बदलेल, तोच तुमच्या दुभाष्यालाही नवी बोली शिकवेल.

म्हणजे घरात राहायला या. अट एकच : दार उघडं ठेवायचं, कोड सगळ्यांना वाचता आला पाहिजे.

एनव्हिडियाला ही अट मान्य नव्हती. ग्राफिक्सच्या धंद्यात पेटंटं असतात, प्रतिस्पर्धी टपून असतात, दुसऱ्यांकडून परवान्यावर घेतलेला कोड असतो. म्हणून कंपनीने मधला मार्ग काढला. ड्रायव्हरचा गाभा कुलूपबंद ठेवायचा, भोवती खुल्या कोडचा पातळ थर द्यायचा आणि तो थर वापरणाऱ्याच्या संगणकावर त्याच्या कर्नलप्रमाणे जुळवून घ्यायचा. डेल कंपनीच्या अभियंत्यांनी या जुळवाजुळवीसाठी 'डीकेएमएस' नावाचं साधन केलं. नवा कर्नल आला की ते आपोआप ड्रायव्हर पुन्हा बांधून द्यायचं. पण कर्नलमधलं एखादं फंक्शनच गेलेलं असेल, तर साधन तरी काय करणार? रात्री अपडेट केलं, सकाळी पडदा काळा, हा अनुभव लिनक्सवाल्यांच्या दोन पिढ्यांनी घेतलाय. असा बंद ड्रायव्हर आत आला की कर्नल स्वतःवर 'टेंटेड', म्हणजे बाटलेला, अशी खूणही करून ठेवतो. मग बिघाडाची तक्रार नेली, तर आधी तो ड्रायव्हर काढून या म्हणतात.

याच्या शेजारी दुसऱ्या एका कार्डाची गोष्ट ठेवा. २००२मध्ये एटीआय कंपनीचं रेडिऑन ९७०० आलं. २००६मध्ये एएमडीने एटीआय विकत घेतली आणि पुढच्या वर्षी आपल्या चिपांची तांत्रिक माहिती खुली करायला सुरुवात केली. २००९मध्ये कंपनीने आपल्या बंद ड्रायव्हरमधून या जुन्या कार्डांचा आधार काढून घेतला. तिथे ते कार्ड भंगारात जायला हवं होतं. पण त्याचा खुला ड्रायव्हर कर्नलमध्ये होता. तो आजही आहे. कंपनीने हात काढला, दुभाष्या घरातच राहिला.

घरात शिरणं सोपं मात्र नाही. २०१६मध्ये एएमडीने लाखाच्या घरातल्या ओळींचा नवा कोड आणला. कर्नलच्या ग्राफिक्स विभागाचे प्रमुख डेव्ह एअरली यांनी तो नाकारला. कारण कोड खुला असला, तरी त्यात कंपनीने आपली वेगळी भिंत बांधली होती. ती पुढे सांभाळणार कोण? एएमडीने वर्षभर दुरुस्त्या केल्या, आणि जानेवारी २०१८मध्ये आलेल्या ४.१५ आवृत्तीत तो कोड सामील झाला.

एनव्हिडियासाठीही काही जणांनी बाहेरून प्रयत्न केला. कंपनीची मदत नसताना, चिप कशी वागते हे बघत बघत त्यांनी 'नूवो' हा खुला ड्रायव्हर लिहिला. २०१०च्या कर्नलमध्ये तो आला. पण २०१४च्या सुमारास कंपनीने नव्या चिपांमधल्या फर्मवेअरला डिजिटल सहीचं कुलूप घातलं. सहीशिवाय चिपचा वेग वाढवता येईना. दुभाष्याला भाषा येत होती, पण त्याला हळूच बोलायची परवानगी होती.

ऑक्टोबर २०२०मध्ये ५.९ आवृत्ती आली. खुल्या थराच्या आडून बंद कोडने कर्नलच्या राखीव सोयी वापरायच्या, ही वाट तिने बुजवली. एनव्हिडियाने आपल्या ग्राहकांना नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत नव्या कर्नलवर जाऊ नका असं सांगितलं. आणि मे २०२२मध्ये याच कंपनीने ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला. त्या बोटाला दहा वर्षं होत आली होती.

गोड शेवट वाटतो ना? पण खुला झालेला भाग २०१८च्या 'ट्युरिंग' चिपा आणि त्यापुढच्यांसाठीच आहे. त्याआधीच्या कार्डांचं काय? त्यांच्या ३४० क्रमांकाच्या ड्रायव्हरचा आधार २०१९अखेर संपला, ३९०चा २०२२अखेर. कार्डं धडधाकट, पंखे फिरतायत, पण नव्या कर्नलची बोली त्यांच्या दुभाष्याला कुणी अधिकृतपणे शिकवणार नाही. काही हौशी लोक दर आवृत्तीला ठिगळं लावतात. ते थकले की एकतर जुन्या, असुरक्षित कर्नलवर राहायचं, नाहीतर नूवोच्या संथ चालीवर भागवायचं.

आता फोनकडे या. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्सचाच कर्नल आहे. फोन ज्या कर्नलमालिकेसह बाजारात येतो, तीवरच बहुधा त्याचं आयुष्य जातं, कारण चिप बनवणाऱ्यांचे ड्रायव्हर त्याच मालिकेला बांधलेले असतात. म्हणूनच २०१७मध्ये काही कर्नलमालिकांचा दुरुस्तीचा काळ दोन वर्षांवरून सहा करावा लागला. पुढे गूगलने आपल्या अँड्रॉइड कर्नलच्या प्रत्येक मालिकेपुरती आतली बोली गोठवली, म्हणजे बाहेरचे ड्रायव्हर चालत राहतील. जी हमी द्यायला कर्नलवाल्यांनी कायम नकार दिला, ती गूगलने दिली. पण एका मालिकेपुरतीच.

'तुमच्या फोनला आता अपडेट मिळणार नाही' हा निरोप येतो, तेव्हा आपण बॅटरीला, काचेला, फार तर स्वतःच्या हौसेला दोष देतो आणि नवा फोन बघायला लागतो. पण चिप म्हातारी झालेली नसते. तिचा दुभाष्या घराबाहेर राहत होता, आणि त्याच्या मालकाने पगार थांबवला, एवढंच. पुढचं यंत्र घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे जरूर विचारा. त्याबरोबर हेही विचारा, की याचा ड्रायव्हर राहतो कुठे?