स्टेशनजवळ प्लॉट घेताय? आधी झोन बघा, मग इसार द्या

बीड : १९९५ मध्ये मंजूर झालेल्या २६१ किलोमीटरच्या अहिल्यानगर–बीड–परळी मार्गावर आष्टीपर्यंत गाडी २०२२ मध्ये आली. बीडला ती पोहोचली १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. रेल्वे आली की जमिनीची विचारपूस वाढते. पण स्टेशन झाले म्हणून आजूबाजूच्या शेतात आपोआप बांधकाम करता येत नाही. घेणारा आणि विकणारा, दोघांनीही हे समजून घ्यायला हवे.

झोन म्हणजे काय?
कोणत्या जमिनीवर घर, दुकान, कारखाना किंवा फक्त शेती, हे नकाशावर ठरलेले असते. नगरपालिका हद्दीत हा नकाशा म्हणजे विकास आराखडा, हद्दीबाहेर मंजूर असेल तिथे प्रादेशिक योजना. रहिवासी भागाला लोक 'येलो झोन' म्हणतात, शेतीच्या भागाला 'ग्रीन झोन'. सातबारावर मालकी कळते, झोन कळत नाही.

झोन कसा बदलतो?
महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा १९६६ प्रमाणे. विकास आराखड्यात फेरबदल करायचा तर कलम ३७ नुसार राजपत्रात सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. त्यासाठी एक महिन्याची मुदत असते. शेवटी मंजुरी राज्य सरकार देते. 'झोन बदलणारच आहे' हे एजंटचे तोंडी बोलणे म्हणजे मंजुरी नव्हे.

दुसरीकडे काय झाले?
नागपूर आणि पुण्यात मेट्रोच्या ५०० मीटर परिसरासाठी वेगळे नियम केले. तिथे प्लॉट आणि रस्त्याच्या रुंदीनुसार ४ पर्यंत एफएसआय मिळतो, म्हणजे जागेच्या चौपट बांधकाम. लोकांनी स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहावे, हा हेतू. हे नियम मेट्रोचे आहेत, आपल्या स्टेशनला तसेच लागू होत नाहीत. आपल्याकडे नियम बदलायचे तर आधी रुंद रस्ता, पाणी, नाली आणि बस-रिक्षाला जागा ठरली पाहिजे. नाहीतर स्टेशनभोवती नुसती दाटी होईल.

व्यवहाराआधी हे करा
• गट नंबर घेऊन नगर रचना कार्यालयातून झोन दाखला काढा. पालिका हद्दीत असाल तर पालिकेत विचारा.
• एनए आणि मंजूर लेआउटची कागदपत्रे स्वतः बघा.
• शेती झोनमधला एक-दोन गुंठ्यांचा तुकडा घेऊ नका. तुकडेबंदी कायद्यात २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत किमान क्षेत्र जिरायत २० गुंठे, बागायत १० गुंठे आहे.
• रेल्वे हद्दीपासून ३० मीटरच्या आत बांधायचे तर रेल्वेचा ना-हरकत दाखला लागतो.

शेतकरी बांधवांसाठी
झोन बदलला की त्याच जमिनीचा भाव बदलतो. म्हणून घाईत इसारपावती करू नका. फेरबदलाची सूचना निघाली तर गट नंबर तपासा, हरकत मुदतीत लेखी द्या आणि पोहोच घ्या. मुदत गेल्यावर चावडीवर कितीही बोललो तरी ते कागदावर येत नाही.