पूर्व आशियाचा इतिहास आणि पुष्पिकेंतील काल

महाविद्यालयांत चीन, कोरिया व जपान यांचा इतिहास शिकवितांना आरंभ बहुधा राजवंशांच्या यादीनें होतो. आम्ही शाळेंत जन्मभर सनावळ्याच घोकविल्या. तेव्हां या रीतीचा दोष आम्ही स्वानुभवानें सांगतों. यादी पाठ होते, पण देश परका तो परकाच राहतो. आमच्या मतें आरंभ एखाद्या ग्रंथाच्या पुष्पिकेपासून करावा.

तुनह्वांगच्या गुहेंतून ऑरेल स्टाइन यांनीं १९०७ सालीं मिळविलेली व आज लंडन येथें असलेली ‘वज्रच्छेदिके’ची छापील चिनी प्रत घ्या. श्यॅन्-थुंग शकाच्या ९ व्या वर्षीं, चौथ्या महिन्याच्या १५ व्या दिवशीं, वांग च्ये यानें आईबापांप्रीत्यर्थ ही प्रत सर्वांस विनामूल्य वांटण्यासाठीं करविली, असें तिच्या अखेरीस आहे. हा दिवस ११ मे ८६८, म्हणजे शके ७९०. मुद्रणकला, बौद्धांची पुण्यकल्पना, पितृभक्ति व थांग बादशहाचा राजशक, इतके विषय त्या एका ओळींत येतात.

विद्यार्थी मात्र ‘८६८’ एवढेंच टिपून शकाचें नांव टाकून देतो. मर्म सुटतें तें येथेंच. कारण पूर्व आशियांत कोणाचा शक लिहावा, हा निष्ठेचा प्रश्न असे. जपानानें ६४५ मध्यें ‘ताइका’ हा स्वतःचा शक सुरू केला. कोरियाचे चोसन राजे मिंग बादशहांचा शक लिहीत. १६३७ त मांचूंपुढें हार खाल्ल्यावर त्यांस दरबारी कागदांत मांचूंचा शक घालणें भाग पडलें. १६४४ त मिंग सत्ताही बुडाली. तथापि कित्येक कोरियन विद्वान् खासगी लेखांत शेवटच्या मिंग बादशहाचा ‘छुंगचन’ शक पुढें अनेक पिढ्या मोजीत राहिले. अशा लेखाचा केवळ इसवी सन काढून ठेवला, तर लेखकाचें मनोगतच पुसलें जातें.

आमच्या वाचकांस हें नवें नाहीं. १६७४ त सुरू झालेला राज्याभिषेक शक एखाद्या पत्रावर दिसला, तर आपण नुसतें साल काढून थांबत नाहीं. त्यामागील सत्ताही ओळखतों. तीच दृष्टि वर्गांत हवी. शिक्षकानें मूळ कालनिर्देश व त्याचें इसवी रूप शेजारीं शेजारीं लिहावें आणि ‘हाच शक कां?’ असें प्रथम विचारावें.

आपल्याकडे चीनची आठवण पुष्कळदां ह्युएनत्संगापुरती होते. पुलकेशीचें वर्णन वाचून झालें, कीं साक्षीदारास रजा! त्या साक्षीदाराचें घर कसें होतें, हें पाहण्याचा मार्ग आम्हांस तरी अशा पुष्पिकांतूनच दिसतो.