तैलमिश्रित सांडपाणी : वीज आणि लोहचुंबक

तेल पाण्यावर तरंगते, हा नित्याचा अनुभव यंत्रशाळेच्या सांडपाण्याला लागू पडत नाही. धातू कापताना हत्यार थंड राहावे म्हणून तेथे साबणासारख्या द्रव्यांच्या साहाय्याने तेल पाण्यात मुद्दाम मिसळलेले असते. या दुधाळ पायसातील सूक्ष्म थेंबांवर ऋण विद्युद्भार असल्याने ते परस्परांना दूर सारतात आणि टाकीत दीर्घकाळ ठेवूनही सहसा वर येत नाहीत.

कर्वेनगरला हा प्रश्न परका नाही. १९०० साली महर्षी कर्वे यांनी हिंगण्यास आश्रम नेला, तेव्हा ते पुण्याबाहेरचे माळरान होते. १९६२ मध्ये शेजारच्या कोथरूडला किर्लोस्कर कमिन्सचा डिझेल एंजिनांचा कारखाना उभा राहिला आणि १९९१ मध्ये कर्वे यांच्या संस्थेच्या आवारात मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. एंजिने घडविण्याची विद्या जेथे शिकवली जाते, तेथे त्या उद्योगाचे पाणी शुद्ध करण्याची विद्याही अभ्यासली जाणे इष्ट होय.

या विद्येचा पाया फॅरडेच्या विद्युत्‌विच्छेदनाच्या नियमांत आहे. एक अँपिअर-तास विजेने लोखंडी धनाग्राचे सुमारे १.०४ ग्रॅम, तर ॲल्युमिनियमचे ०.३४ ग्रॅम धातू विरघळते. त्याचे धन आयन थेंबांवरील भार नाहीसा करतात. हायड्रॉक्साइडचे पुंजके तेल वेढून घेतात. ऋणाग्रावरील हायड्रोजनचे बुडबुडे त्यांना वर आणतात. जहाजांच्या तळाशी साचणाऱ्या तेलकट पाण्यासाठी अमेरिकेत १९०६ सालीच डीट्रिच यास या पद्धतीचे पेटंट मिळाले होते. तथापि वीज महाग आणि तुरटी स्वस्त असल्यामुळे ती मागे पडली.

तेल व पाणी यांपैकी कोणासही लोहचुंबक ओढत नाही. म्हणून तेलाला चिकटणारे मॅग्नेटाइटचे कण पाण्यात मिसळावे लागतात. १९६३ साली पॅपेल याने रॉकेटच्या इंधनासाठी चुंबकीय द्रव तयार केला, तर १९७० नंतरच्या दशकात तीव्र क्षेत्रातील पोलादी लोकरीने चिनी माती शुद्ध होऊ लागली. या दोन्ही गोष्टींमुळे चुंबकीय पृथक्करणाला नवी दिशा मिळाली.

या पद्धतींना गरज निर्माण केली ती कायद्याने. महाराष्ट्राने १९६९ साली व केंद्राने १९७४ साली जलप्रदूषणविषयक कायदा केला. पुढे नदीनाल्यांत सोडावयाच्या पाण्यातील तेल व वंगणाची सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे १० मिलिग्रॅम ठरली. पायस न फोडता ती गाठणे दुरापास्त असते.

मात्र वीज असो वा चुंबक, त्यांच्या योगाने तेल नष्ट होत नाही. ते गाळात अथवा कणांवर जाऊन बसते. त्या गाळाची व्यवस्था आणि कणांचा पुनर्वापर यांचा हिशेब ज्या संशोधनात नाही, ते केवळ प्रदूषणाची जागा बदलते, असेच म्हणावे लागेल.