दमेकऱ्यांची फुफ्फुसे किती वेगाने थकतात?

पनवेल : तळोजा औद्योगिक वसाहतीतील धूर, शीव-पनवेल महामार्गावरील वाहनांची रीघ, जागोजागी चाललेली बांधकामे आणि पावसाळ्यात घरांच्या भिंतींना धरणारी बुरशी... दमेकऱ्याला त्रासदायक ठरणाऱ्या बहुतेक गोष्टी पनवेल परिसरात एकत्र नांदतात. धाप लागली की इनहेलर ओढायचा, बरे वाटले की कामाला लागायचे, हा अनेक रुग्णांचा परिपाठ असतो. मात्र दोन झटक्यांमधल्या शांत काळातही फुफ्फुसांची क्षमता घटत असू शकते. ती कोणाची आणि किती वेगाने घटेल, याचा अंदाज आधी बांधता येतो का, हा श्वसनविकारतज्ज्ञांपुढील जुना प्रश्न आहे.

वयाच्या पंचविशीच्या आसपास फुफ्फुसे पूर्ण क्षमतेला पोहोचतात आणि नंतर ती क्षमता प्रत्येकाचीच हळूहळू कमी होते. ती मोजण्यासाठी स्पायरोमेट्री ही चाचणी केली जाते. खोल श्वास घेऊन यंत्रात जोराने फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली, हा यातील कळीचा आकडा. डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरात १५ वर्षे चाललेल्या पाहणीचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. दमा नसलेल्यांमध्ये हा आकडा वर्षाला सरासरी २२ मिलिलिटरने, तर दमेकऱ्यांमध्ये ३८ मिलिलिटरने घटत असल्याचे त्यात आढळले. फरक १६ मिलिलिटरचा, म्हणजे तीन-चार चमचे. पण ३० वर्षांचा हिशेब केला तर तो जवळपास अर्धा लिटर होतो, आणि साठीत जिना चढताना अर्ध्या लिटरचे मोल कळते.

अर्थात ही सरासरी झाली. अनेक दमेकऱ्यांची फुफ्फुसे इतरांप्रमाणेच टिकतात, काहींची मात्र झपाट्याने ढासळतात. दीर्घकाळच्या दाहामुळे श्वासनलिकांच्या भिंती जाड होतात आणि मग औषधानेही त्या पूर्ण उघडत नाहीत.

अंदाज बांधण्यातील मोठी अडचण मोजमापाचीच आहे. एकाच बैठकीत तीनदा फुंकले, तरी दोन उत्तम नोंदींत १५० मिलिलिटरपर्यंतचा फरक ग्राह्य मानला जातो. वर्षाची घट मात्र ३०-४० मिलिलिटरची. त्यात सर्दी, हंगाम, फुंकण्याचा जोर यांनी आकडा हलतो तो वेगळाच. त्यामुळे गेल्या वर्षीचा आणि यंदाचा अहवाल शेजारी ठेवून निष्कर्ष काढणे फसवे ठरते. कल कळायला अनेक वर्षांच्या नोंदी लागतात. वय, उंची व लिंगानुसार अपेक्षित आकड्याच्या किती टक्के क्षमता आहे, हेही अहवालात असते. पण ती टक्केवारी यंत्रात कोणत्या लोकसमूहाची प्रमाणके भरली आहेत त्यावर अवलंबून असते. म्हणूनच शक्यतो एकाच केंद्रात चाचणी करून जुने अहवाल जपून ठेवणे हिताचे.

धोक्याच्या काही खुणा मात्र स्पष्ट आहेत. श्वासनलिका उघडणारे औषध दिल्यानंतरही पहिल्या सेकंदाचा आकडा कमीच राहणे, धूम्रपान, रक्तातील इओसिनोफिल पेशींचे वाढलेले प्रमाण आणि वारंवार येणारे तीव्र झटके या त्यातील प्रमुख. यापैकी झटक्यांबाबतचा पुरावा आशादायक आहे. सात हजारांहून अधिक रुग्णांच्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेले विश्लेषण सांगते, की तीव्र झटक्यानंतर क्षमता अधिक घटते. परंतु श्वासावाटे नियमित स्टिरॉइड घेणाऱ्यांमध्ये ही जादा घट फारशी दिसली नाही. एखाद्या रुग्णाचे भवितव्य नेमके सांगणारे, सर्वमान्य सूत्र अद्याप नाही.

भारतात २०१६ मध्ये दम्याचे सुमारे ३ कोटी ७९ लाख रुग्ण असल्याचा अंदाज होता. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पुण्यासह नऊ ठिकाणच्या पाहणीत छातीतून शिट्टीसारखा आवाज येणाऱ्यांपैकी ८२ टक्के जणांच्या दम्याचे निदानच झाले नव्हते. ज्यांचे निदान होते, त्यांतही केवळ तात्पुरता आराम देणाऱ्या इनहेलरवर भिस्त ठेवणारे पुष्कळ. दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांनी २०१९ पासून प्रौढांना केवळ अशा औषधावर ठेवू नये, असे सांगितले आहे. आराम पडतो, पण श्वासनलिकांतील दाह तसाच राहतो.

कारखान्यांत काम करणाऱ्यांसाठी आणखी एक खूण महत्त्वाची आहे. साप्ताहिक सुटीला किंवा गावी गेल्यावर श्वास मोकळा होत असेल आणि कामावर परतताच छाती पुन्हा भरत असेल, तर कामाच्या जागेवरील रसायन वा धूळ हे कारण असू शकते. अशा दम्यात संपर्क चालू राहिला तर घट वेगाने होते, संपर्क लवकर तुटला तर ती मंदावते. त्यामुळे डॉक्टरांना औषधांची यादी सांगताना आपण नेमके कोणत्या विभागात, कशाजवळ उभे राहून काम करतो, हेही आवर्जून सांगावे.