लाखेची तबकडी आणि झाडीपट्टीचा स्वर

मराठी संगीताच्या इतिहासलेखनात ध्वनिमुद्रिकेला साधनाचा दर्जा फार उशिरा मिळाला. पत्रव्यवहार, नाटकांच्या जाहिराती, आत्मचरित्रे यांचा आधार अभ्यासक घेत राहिले. तबकडी मात्र करमणुकीची वस्तू म्हणून माळ्यावर किंवा जुन्या बाजारात गेली. तेथून ती परत आणली ती संग्राहकांनी, आणि त्यांतील बहुतेक जण व्यवसायाने इतिहासकार नव्हते.

भारतातील व्यापारी ध्वनिमुद्रणाचा प्रारंभ नोव्हेंबर 1902 मध्ये कोलकात्यात झाला. ग्रामोफोन कंपनीचे तंत्रज्ञ फ्रेड गैसबर्ग यांनी तेथे गायिकांचे आवाज मुद्रित केले आणि त्या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापल्या गेल्या. गाणे संपताच गायिका स्वतःचे नाव उच्चारते, ते दूरच्या कारखान्यातील कामगारांना कोणाचे गाणे हे कळावे म्हणून. 1908 मध्ये सियालदह येथे कारखाना निघाल्यावर तबकड्या देशातच तयार होऊ लागल्या. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे 3 मिनिटे मिळत. तासभर चालणारा ख्याल एवढ्या अवकाशात बसविताना आलाप आखडला, तान पुढे आली, बंदिश लवकर उरकली. त्या काळच्या गायकीविषयी तबकडीवरून निष्कर्ष काढणाऱ्याने ही काटछाट लक्षात घ्यावयास हवी. पुष्कळदा ती घेतली जात नाही.

1990 मध्ये मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था स्थापन झाली. भौतिकशास्त्राचे अभ्यासक डॉ. सुरेश चांदवणकर यांनी तिचे सचिवपद दीर्घकाळ सांभाळले आणि 1991 पासून 'द रेकॉर्ड न्यूज' हे तिचे नियतकालिक निघू लागले. संस्थेच्या श्रवणसभा मुंबई-पुण्यापुरत्या राहिल्या नाहीत. सोलापूर, नांदेड, अमरावती येथेही रसिक जमू लागले. तबकडीवरील क्रमांक, लेबलाचा रंग, कंपनीची सूचिपत्रके यांवरून ध्वनिमुद्रणाचा काळ ठरविण्याची शिस्त या मंडळींनी रुजविली. ऑस्ट्रेलियातील संशोधक मायकेल किनिअर यांची 1899 ते 1908 या काळातील ध्वनिमुद्रणांची सूची 1994 मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढली. छंदातून एवढे चोख संदर्भसाधन निर्माण व्हावे, ही विद्यापीठांनी विचारात घ्यावी अशी बाब आहे.

तथापि संग्राहकास मिळते ते छापले गेलेलेच. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा आवाज सुरुवातीच्या कर्ण्यापुढेही आणि पुढे 1930 च्या दशकात विद्युत-ध्वनिक्षेपकापुढेही मुद्रित झाला, त्यामुळे त्यांच्या गायकीची तुलना करता येते. भास्करबुवा बखले (निधन 1922) आणि अल्लादियाखाँ (निधन 1946) यांच्याबाबत तशी सोय नाही. 'स्वयंवर' (1916) मधील भास्करबुवांच्या चाली आपल्यापर्यंत येतात त्या बालगंधर्वांच्या तबकड्यांतून.

ही निवड बाजाराने केली होती. ज्या शहरांत यंत्र विकत घेणारे होते, तेथील गाणे छापले गेले. गोंदिया जिल्ह्यातील केशोरीसारख्या गावाकडून पाहिले की या संग्रहाची दुसरी बाजू दिसते. 78 फेऱ्यांची जुनी तबकडी बनत असे ती चपडा लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांच्या मिश्रणातून. लाखेचा किडा पळस, कुसुम आणि बोरीच्या झाडांवर वाढतो. पळस हे झाडीपट्टीचे नित्याचे झाड असून डिंक आणि लाख हे या मुलखाचे जुने वनोपज होय. 1942 मध्ये युद्धामुळे लाखेची टंचाई झाली, तेव्हा अमेरिकेत नवी तबकडी घेणाऱ्यास जुनी परत आणून द्यावी लागे. एवढे मोल या जंगली पदार्थाला आले होते.

या प्रदेशाचे आपले गाणे म्हणजे दंडार. दिवाळीनंतरच्या मंडईच्या हंगामात ती रात्रभर चाले. गायन, नृत्य, सोंग आणि प्रेक्षकांची दाद यांत ती इतकी मिसळलेली असते की तिचा 3 मिनिटांचा तुकडा काढल्यास दंडार उरत नाही. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी 'झाडीपट्टीची दंडार' या ग्रंथात तिचे स्वरूप नोंदविले. 2023 मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्याने झाडीपट्टी रंगभूमीचे नाव दूरवर पोहोचले. परंतु ग्रंथातून शब्द मिळतात, गळ्याची फिरत मिळत नाही. भास्करबुवांचा आवाज मास्तर कृष्णराव आणि बालगंधर्व यांच्या गळ्यांवरून अदमासावा लागतो. जुन्या दंडारीचा स्वरही तसाच आज गाणाऱ्या वृद्ध कलावंतांच्या गळ्यांतून शोधावा लागेल, आणि त्या गळ्यांना तबकडीसारखे अडगळीत थांबता येत नाही.