गंजाची गांठ

एकमेकांत रुतून बसलेले धातूचे दोन भाग न मोडतां वेगळे करण्याची विद्या मोटारगाडीपेक्षां फार जुनी आहे. यवतमाळ जिल्ह्यांत ती प्रथम लोहाराच्या भात्यापाशीं सांपडते. बंडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धांव चढवावयाची म्हणजे ती आधीं विस्तवांत तापवावयाची. फुगलेली धांव चाकावर अलगद बसते आणि वर पाणी पडतांच आकसून लाकडाला अशी आवळते कीं दगडधोंड्यांतूनही ती हालत नाहीं. धातु तापला कीं वाढतो आणि निवला कीं आकसतो, हें त्या कारागिराला पुस्तकावांचून ठाऊक होतें. मोटारीच्या मिस्त्रीला पुढें हेंच ज्ञान उपयोगी पडलें.

मोठ्या यंत्रांची ओळख जिल्ह्याला जिनिंगच्या कारखान्यांनीं व आगगाडीनें करून दिली. १९०३ सालीं मूर्तिजापूर ते यवतमाळ हा अडीच फुटी लोहमार्ग सुरू झाला. त्या वेळीं जिल्ह्याचें नांव 'वणी' असें होतें, तें १९०५ सालीं बदललें. कापसासाठीं घातलेल्या या ११३ किलोमीटरांच्या मार्गावरील गाडीला लोक पुढें लाडानें 'शकुंतला' म्हणूं लागले. मँचेस्टरला १९२१ सालीं बांधलेलें तिचें वाफेचें इंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत चाकरी करीत होतें. या दीर्घायुष्याचें एक कारण रचनेंतच असावें. वाफेच्या इंजिनाचे दांडे व चाकें उघड्यावर असतात. गंज चढलेला भाग डोळ्यांना दिसतो. शिवाय दट्ट्याचा जोर दांड्यांवाटे सरळ चाकांकडे जात असल्यामुळें त्यांत क्लच नाहीं कीं गिअरपेटी नाहीं.

मोटारीचें तसें नाहीं. पेट्रोलचें इंजिन थांबलेल्या स्थितींतून ओझें ओढूं शकत नाहीं. म्हणून त्याला चाकांपासून क्षणभर सोडविणारा क्लच आणि वेग कमीजास्त करणारीं दंतचक्रें लागतात. १८९१ सालीं फ्रान्समध्यें पानार व लेव्हासोर यांच्या गाडींत पुढें इंजिन, त्यामागें क्लच व त्यामागें दंतचक्रें ही मांडणी ठरली. प्रारंभींच्या पुष्कळ गाड्यांत गिअरपेटी इंजिनापासून दूर, सांगाड्यावर स्वतंत्र बसविलेली असे. मधला आंखूड दांडा सोडला कीं दोन्ही निरनिराळीं. १९०८ च्या फोर्डच्या 'टी' गाडींत दोन्ही एकाच तेलांत नांदूं लागलीं, आणि कालांतरानें गिअरपेटी इंजिनालाच बोल्टांनीं जोडून एक ठोकळा करण्याची रीत सर्वत्र झाली. धूळ आंत शिरेना, दांडे सरळ रेषेंत राहिले. पण क्लचची झिजलेली तबकडी बदलण्याच्या कामासाठीं हा सगळा संसार मोडणें भाग पडलें. ही सोय कारखान्याची होती, घरीं दुरुस्ती करणाराची नव्हे.

त्यांतच युद्ध आलें. १९४१ सालीं पेट्रोलचें रेशनिंग सुरू झालें. कित्येक बसगाड्या कोळशाच्या वायूवर चालूं लागल्या आणि खासगी गाड्या ठोकळ्यांवर उभ्या राहिल्या. उभ्या गाडीला चालत्या गाडीपेक्षां पाऊस अधिक बाधतो. मृगापासून हस्तापर्यंतच्या ओलाव्यांत क्लचची तबकडी इंजिनाच्या जड चाकाला चिकटते, दट्टे नळकांड्यांत धरतात. गंज मूळ लोखंडापेक्षां कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळें दोन भागांमधील केसभर फटही भरून जाते. ॲल्युमिनियमची पेटी व पोलादी खुंटी यांच्यामध्यें पांढरी भुकटी सांचते, ती तर लोखंडाच्या गंजाइतकीच हट्टी.

मुंबईंत फोर्ड व १९२८ पासून जनरल मोटर्स या कंपन्या परदेशांतून आलेल्या भागांपासून गाड्या जुळवीत असत. १९५३ च्या सरकारी धोरणानंतर दोघींनींही येथून काढतें पाय घेतलें. त्यांच्या गाड्या मात्र रस्त्यावर राहिल्या. आतां ओतीव पेटीचा एक कान तुटला तर त्याच जातीची दुसरी मेलेली गाडी शोधण्याची पाळी. यवतमाळसारख्या ठिकाणीं अशी वस्तु मिळण्यास नागपूर-अकोल्याच्या खेपा पडावयाच्या. पहारीची घाई येथें महाग पडे ती यासाठीं.

जाणता मिस्त्री म्हणून प्रथम सांध्यांत घासलेट व पातळ तेल सोडतो आणि एक रात्र नव्हे, दोन-तीन दिवस थांबतो. धरलेल्या दट्ट्यांसाठीं तेंच मिश्रण प्लगच्या छिद्रांतून आंत ओतून, गाडी वरच्या गिअरमध्यें टाकून हळूच पुढें-मागें डोलवितात. एवढी मोठी गाडीच तेव्हां तरफ होते. गिअरपेटी सोडवितांना सगळे बोल्ट निघाले कीं नाहीं हें दोनदां पाहावें लागतें, कारण चिखलाखालीं दडलेल्या एका बोल्टाचा दोष पुष्कळदां गंजावर जातो. दोन बोल्टांच्या जागीं लांब सळ्या घालतात, म्हणजे पेटी सरळ मागें सरकते. खालून तिला आधारही देतात, नाहीं तर तिचें ओझें दांड्यावर लटकून तबकडीचा मध्य वांकतो. लांकडी पाचरी एकाच बाजूस न ठोकतां आळीपाळीनें चहूंकडे थोड्या थोड्या सारतात. ॲल्युमिनियम लोखंडाच्या सुमारें दुप्पट फुगतें, म्हणून खुंटीभोंवतीं उकळत्या पाण्याचीं फडकीं गुंडाळतात. घासलेट लागलेलें असतां ज्योत जवळ आणीत नाहींत. लोहाराच्या धांवेचाच हा न्याय, फक्त आगीऐवजीं पाणी.

शेवटीं 'टक्' असा बारीक आवाज होऊन सांधा केसभर उघडतो. घाई करणारा येथेंच फसतो, कारण दांड्याच्या खांचा अजून तबकडींत धरलेल्या असतात. गिअर घालून मागचा दांडा हातानें थोडा डावीउजवीकडे फिरविला कीं त्याही सुटूं लागतात. पेटी बाहेर आली कीं खांचांवर लाल भुकटी दिसते. ती तारेच्या ब्रशानें झाडून, पुन्हां जोडण्यापूर्वीं वंगणाचा अगदीं पातळ हात देतात. जाड झाला तर तें तबकडीवर उडून क्लच घसरूं लागतो. बंडीच्या आंसाला मात्र वंगण सढळ हातानेंच घालतात.