‘यंत्र’ या संज्ञेचा विस्तार आणि आज्ञावलींचे परवाने

संगणकाच्या आज्ञावलीचा, म्हणजेच सॉफ्टवेअरचा, परवाना हा सामान्यतः विक्रीचा नसून वापराचा करार होय. वापर कोठे व किती, हे ठरविण्यास काही माप लागते. दीर्घकाळ हे माप ‘यंत्र’ हेच होते. त्या संज्ञेचा अर्थ कसकसा पालटला व त्यातून कोणता पेच उद्भवला, हे पाहणे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

१९६९ साली आय. बी. एम. कंपनीने आपल्या काही आज्ञावलींचे मोल यंत्राच्या मोलापासून वेगळे केले. तेव्हा संगणक ही एका जागी बसविलेली एक वस्तू होती. सबब मोजणीविषयी फारसा संशय नव्हता. भारतात १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने आज्ञावलीस साहित्यकृतीचे स्थान मिळाले. १९९४ च्या दुरुस्तीने, जी पुढील वर्षी अमलात आली, वैध धारकास मूळ प्रयोजनापुरती प्रत करण्याची मुभा दिली.

याच काळात पुण्यात ‘यंत्र’ या शब्दाची व्याप्ती वाढत होती. १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने १९९१ मध्ये अनेक प्रक्रियक जोडून ‘परम ८०००’ सिद्ध केला. १९९८ चा ‘परम १००००’ तर स्वतंत्र सर्व्हरांचा समूहच होता. २००७ मध्ये पुण्यातीलच ‘एका’ हा समूह जगातील महासंगणकांच्या यादीत चौथा आला. नाव एक, परंतु घटक अनेक. मग यंत्र एक मानावे की अनेक?

आभासी यंत्रांमुळे हा प्रश्न अधिकच बिकट झाला. एका यंत्रात अनेक यंत्रांचा भास निर्माण करण्याची सोय आय. बी. एम. ने १९७२ मध्येच बाजारात आणली होती. तथापि व्हीएमवेअर कंपनीने २००३ साली चालू आभासी यंत्र न थांबविता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलविण्याची युक्ती उपलब्ध केली. उलटपक्षी मायक्रोसॉफ्टच्या परवान्याचे स्थलांतर ९० दिवसांतून एकदाच करता येई. ही अट २००८ मध्ये काही आज्ञावलींपुरती शिथिल झाली. यंत्र काही क्षणांत हले, परवाना मात्र तीन महिने जागेवरच खिळून राही.

उदाहरणार्थ, प्रत्येकी २ प्रक्रियकांचे ८ सर्व्हर एका समूहात असून एखादी आज्ञावली त्यांपैकी एकाच सर्व्हरवरील आभासी यंत्रात चालते असे मानू. प्रत्यक्ष वापर पाहिल्यास २ प्रक्रियकांचे परवाने पुरेत. संभाव्य वापर धरल्यास १६ लागतील. ऑरॅकल कंपनीच्या धोरणपत्रकात व्हीएमवेअरसारख्या साधनांनी घातलेली मर्यादा मोजणीसाठी ग्राह्य धरलेली नाही. म्हणून अनेक संस्था अशा आज्ञावलीसाठी लहान, स्वतंत्र समूह राखतात, अथवा चालविलेल्या प्रतींची संख्या न बांधणाऱ्या मुक्त आज्ञावलींकडे वळतात.

आठपट खर्चाचा हा भेद मराठीत एका सहायक क्रियापदाने दाखविता येतो: ‘चालते’ आणि ‘चालू शकते’. कायदा या भेदाचा निवाडा करीत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २ मार्च २०२१ च्या निर्णयानेही, अशा करारान्वये अंतिम ग्राहकास केवळ वापराचा हक्क मिळतो, प्रताधिकार नव्हे, एवढेच स्पष्ट केले. वापराची सीमा अखेर कराराच्या शब्दांवरच ठरते. म्हणून विद्यापीठांनी व संशोधनसंस्थांनी समूह उभारण्यापूर्वीच ‘यंत्र’ व ‘वापर’ या दोन संज्ञांची व्याख्या करारात निश्चित करून घेणे अगत्याचे आहे.